सहाशे चाळीस मडकी

आमचा स्लॅब शहाऐंशीचा.
अक्कलकोट रोडला, सोसायटीच्या चाळीस घरांतलं सातवं.
चार इंच काँक्रीट, त्याच्यावर काही नाही,
म्हणजे सूर्य.

एप्रिलात सकाळी नवापासून तो ऊन पितो
आणि रात्री आम्ही आडवे झालो
की घोटघोट खाली ओततो.
भिंतीला पाठ टेकवावी तर भिंतीलाच ताप.

पंखा आहे. पण अंबुबाई विडीला बसली की बंद.
सुपातली तंबाखू उडते, डोळ्यांत जाते,
आणि हजारात चाळीस कमी भरल्या
तर कारखान्याचा मुनीम
त्या काही वाऱ्याच्या नावावर लिहीत नाही.
बत्तीस वर्षं ही बाई
पंख्याखाली वाऱ्यावाचून बसलीय.

नरेश पुण्याहून म्हणाला, एसी घ्या, हप्ता मी भरतो.
ती म्हणाली, एसीत पानं वाळतात.
रात्री भिजवलेलं पान दुपारी तडकलं
की दोरा बसत नाही.
विषय संपला.

मी काय कमी केलं?
ओली पोती अंथरली.
नळ चार दिवसांआड, प्यायचं पाणी पोती प्यायली.
थर्माकोल ठोकला, त्यात उंदरांनी संसार मांडला.
चुना मारला, गारवा आला, खरंच आला,
आणि जुलैत पन्हाळीतून वाहून गेला.

मग मैनुद्दीन मिस्त्री आला.
भर दुपारी गच्चीवर चप्पल काढून उभा राहिला,
मनात तीन मोजले असतील,
पुन्हा चप्पल घातली.
मामा, म्हणाला, मडकी पालथी घालू.
एकाला एक चिकटून, फटीत चुना नि विटांचा भुगा,
वर पांढरे फरशीचे तुकडे.
मी म्हटलं, मडक्यात भरायचं काय?
काही नाही, म्हणाला.
काही नाही हेच भरायचं.

तेव्हा मला माझा माग आठवला.
अठ्ठावीस वर्षं टॉवेल विणले मी.
गिऱ्हाईक हातात तोलून बघतं, सूत किती, वजन किती.
विणणाऱ्याला ठाऊक असतं,
मऊपणा सुताचा नसतो,
बारक्या लुपातल्या रिकाम्या जागेचा असतो.
लूप दबला, आतली हवा गेली,
की टॉवेलचं फडकं.
एवढं कळत होतं मला,
तरी डोक्यावर ठोस काँक्रीट घेऊन झोपत आलो.

कुंभारानं भट्टीत बिघडलेला माल स्वस्तात दिला,
कुणाचा गळा तिरका, कुणाच्या पोटाला काळा डाग.
मडकं एक आणलं तर गल्ली विचारते, कोण गेलं?
सहाशे चाळीस आणली तर कुणी काही बोलेना.
फक्त नीलव्वा जिन्यात येऊन म्हणाली,
लोणचं घालताय का?

जिना अरुंद. पाच दिवस हातोहात वर गेली मडकी.
अठरा फुटली, त्यांचाही भुगा भरला.
पालथी पडलेली ती सगळी एकदम बघताना वाटलं,
एवढी रिकामी जागा
आयुष्यात पहिल्यांदाच विकत घेतली आपण.

काल बाहेर त्रेचाळीस. घरात पस्तीस.
पस्तीस म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे.
पण चार वाजता मी वाकून बघितलं,
ओल्या गोणपाटात पानं अजून मऊ होती,
तिच्या बोटांखाली मुकाट वळत होती.

हजार भरले. तिनं सूप बाजूला सारलं,
उठून पंख्याचं बटण दाबलं
आणि पाय पसरून नुसती बसली.
इतकी वर्षं हा पंखा स्लॅब ढवळत होता,
काल त्यानं वारा दिला.

सल्लगुंदि, म्हणाली, स्वतःशीच.
आमच्या तेलुगूत गार वाटलं की एवढंच म्हणतात.

मग डोळे मिटूनच विचारलं,
मिस्त्रीचे किती राहिले?
बावीसशे.
शनिवारी विड्यांचे पैसे आले की देऊन टाक, म्हणाली.
आणि पदरावरचा तंबाखूचा भुगा
वाऱ्याला उडवू दिला.